स्वस्तातल्या वाफेच्या इंजिनाचा किटबॅश: या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या छंदात एका मॉडेलची चेसिस (चाकं आणि मोटर असलेला खालचा सांगाडा), दुसऱ्याचं धुरांडं, तिसऱ्याची कॅब (ड्रायव्हरची केबिन) असं जुळवून आपलं वेगळंच इंजिन उभं करायचं, याला किटबॅश म्हणतात. यात पैसे वाचतात. पण भलत्या जागी वाचवले तर तेच इंजिन दोनदा विकत घ्यावं लागतं.

सगळ्यात महागात पडते ती बॉडी बघून इंजिन घेण्याची चूक. बॉडी तर आपण कापणारच आहोत! तुटकी कॅब, गायब बफर (टोकाचे धक्के झेलणारे दांडे), उडालेला रंग यांनी किंमत उतरते आणि आपलं काहीच अडत नाही. पैसे मोजायचे ते चालत्या चेसिसचे. 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन तारा खिशात ठेवा, डाव्या-उजव्या चाकांना लावून तिथेच तपासा. मोटर गुणगुणते पण चाकं हलत नाहीत, तर बहुधा अॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलेला असतो. चाकं फिरतात पण दर फेरीला एकाच जागी अडखळतात, तर चाकांना एकमेकांशी जोडणारे कपलिंग रॉड काढून पुन्हा फिरवा. आता अडखळणं थांबलं, तर डाव्या-उजव्या क्रँकमधला (चाकावर रॉड जिथे अडकतो तो भाग) 90 अंशांचा कोन सरकला आहे असं समजा. रॉड काढूनही टक् टक् चालूच असेल, तर गिअर बघा. हे सगळं करवत उचलण्याआधी.

दुसरी गफलत मापाची. एचओ (1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) आणि ओओ (1:76) ही मॉडेलची दोन मापं, दोन्ही 16.5 मिमी अंतराच्या रुळांवर धावतात, म्हणून त्यांचे भाग सर्रास एकत्र लावले जातात. डोम (बॉयलरवरचा घुमट), धुरांडं खपून जातं. कॅबचं दार खपत नाही. साडेपाच फुटी ड्रायव्हर एचओमध्ये साधारण 19 मिमीचा, ओओमध्ये 22 मिमीचा. शेजारी उभा केला की पोल खुलते.

हाच हिशेब आपल्या फायद्याचाही ठरतो. कुर्डुवाडीहून 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी. त्याला 87 ने भागलं की 8.76 मिमी येतात. एन गेज या आणखी छोट्या मॉडेलच्या मापाचा रूळ 9 मिमीचा! म्हणजे एन गेजची स्वस्तातली सहाचाकी चेसिस घ्या, वर 1:87 ची कॅब चढवा, नॅरोगेजचं इंजिन तयार. पण हुबेहूब बार्शीचंच हवं हा हट्ट इथे सोडावा. किटसन कंपनीने त्या लाइनसाठी बांधलेल्या इंजिनांना आठ जोडचाकं (रॉडने एकमेकांना जोडलेली चाकं) आणि मागे आणखी चार होती. सहा चाकांवर ते साधायचं नाही. त्या ढंगाचं केलं तरी बघणाऱ्याला मजा येते.

बॉडी हलकी झाली की इंजिन दोन डब्यांनाही दमतं. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करताना काढलेली जुनी वजनं पडलेली असतात, ती मागून आणा. शिशाची असली तर हात धुवा. वजन जोडचाकांच्या बरोबर मधोमध हवं. सगळं कॅबमध्ये कोंबलं तर पुढची चाकं उचलली जातात. एन गेजच्या बऱ्याच चेसिस उभ्या दोन अर्ध्यांच्या असतात आणि दोन्हींत वीज खेळते. धातूचं वजन दोघींना एकदम टेकलं की शॉर्ट! मध्ये इन्सुलेशन टेप लावा.

चिकटवण्याचं थोडक्यात. प्लॅस्टिक सिमेंट स्टायरीनला (मॉडेलच्या बॉडीचं नेहमीचं प्लॅस्टिक) धरतं, बॉयलरसाठी कापलेल्या पीव्हीसी पाइपला नाही, तिथे इपॉक्सी. डोम आणि सॅडल टँकची (बॉयलरवर खोगिरासारखी बसणारी पाण्याची टाकी) गोलाई एम-सीलने छान साधते. फेविक्विक चाकांपासून लांबच ठेवा, थेंब अॅक्सलपाशी पाझरला की सगळं जाम. काचेजवळ लावलं तर पांढुरका थर चढतो तो वेगळाच.

तेल म्हणून खोबरेल? थंडीत गोठतं, मग इंजिनही गोठतं. प्लॅस्टिकला चालणारं पातळ तेल, तेही टाचणीच्या टोकाने.

जुना रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर आणू नका, स्टायरीन विरघळून लगदा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. आणि ऐन पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते. तोवर कोऱ्या बॉडीनेच रुळावर फेऱ्या मारू द्या, कुठल्या वळणावर काय घासतं तेही कळेल.