मेडिकल अलर्टचं बटण घेताय? उत्तर ऑन्टारिओत या चुका टाळा

आई कॅनडात, थंडर बे शहरात आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी पण सगळ्यांसारखंच केलं, गळ्यात घालायचं बटण (दाबलं की कंपनीच्या कॉल सेंटरला कॉल लागतो, तिथून मदत पाठवतात) ऑनलाइन मागवलं, हॉलमध्ये सोफ्यावर बसून दाबून बघितलं, पलीकडून बाई बोलली, विषय संपला. मग उन्हाळ्यात तिला कॅम्पला नेलं (इकडे कॉटेजला कॅम्प म्हणतात, तंबू-बिंबू काही नसतो) आणि तिथे तिने सहज दाबून बघितलं तर नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला, कॉल लागलाच नाही. कंपनीच्या नकाशात मात्र तिथे फुल रेंज!

तर पहिली चूक म्हणजे नकाशावर विश्वास. बटणाच्या आतलं सिम कोणाच्या नेटवर्कवर चालतं ते आधी विचारा, टोरोंटोत धावणारं नेटवर्क इकडे असेलच असं नाही, इकडे बऱ्याच ठिकाणी टीबेटेल या इथल्याच फोन कंपनीचे टॉवर आहेत. थंडर बे ते सू सेंट मरी साधारण 700 किमी, लेक सुपीरियरच्या कडेने जाताना फोनची रेंज कितीदा जाते ते ज्याने गाडी चालवलीय त्याला माहितीये. आणि "जीपीएस आहे ना, मग सॅटेलाइटवरून जाईल की" हे मी स्वतः म्हणालोय. जीपीएसने मशीनला फक्त आपण कुठे आहोत ते कळतं, ते दुसऱ्याला कळवायला मोबाइलची रेंज लागतेच.

जुनं कोणाचं वापरलेलं मिळतंय म्हणून 3जीवालं घेऊ नका, ते नेटवर्क बंद होत चाललंय.

दुसरी चूक, सोफ्यावरची टेस्ट. माणूस सोफ्यावर पडत नाही हो. बाथरूमचं दार लावून दाबा, बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी उभं राहून दाबा, सौनाच्या बाहेर, लाकडं ठेवायच्या शेडमध्ये, सगळीकडे दाबा. कॉल लागला की "टेस्ट करतोय" सांगायचं, कोणी ओरडत नाही. बेस युनिटवालं (घरात ठेवायचं मशीन, बटण त्याच्यामार्फतच कॉल लावतं) असेल तर डब्यावर लिहिलेले मीटर मोकळ्या मैदानातले असतात, पत्र्याचं छप्पर आणि काँक्रीटची भिंत मध्ये आली की त्यातले बरेच गळतात. थंडीत बॅटरी पण लवकर बसते, उणे 30 ला तर विचारूच नका.

लँडलाइनवर बेस युनिट लावलंय म्हणून निवांत असाल तर एकदा बघा, ती लाइन मधल्या काळात इंटरनेटवर गेलीये का. तसं असेल तर वीज गेली की मोडेम बंद, मोडेम बंद की फोन बंद, बेस युनिटच्या स्वतःच्या बॅटरीचा मग काय उपयोग? मोडेमला यूपीएस लावा.

सॅटेलाइटवालं घ्यायचं तर गार्मिन कंपनीचं इनरीच हे हातात धरायचं मशीन आहे, आयफोन 14 पासून पुढच्या फोनमध्ये पण सॅटेलाइट एसओएस आहे, पण दोन्हीला मोकळं आकाश लागतं. शिकारीला, बोटीवर जाणाऱ्या आजोबांना मस्त, घरात पडलेल्या आजीला शून्य.

आता कॉल लागला असं धरू. येणार कोण? कॉल सेंटर कोणाला फोन करणार त्या यादीत मी पहिला माझाच नंबर दिला होता आणि मी कामावर, चाळीस मिनिटं लांब. आता पहिला नंबर शेजारणीचा, किल्ली पण तिच्याकडे. कॉल सेंटरला त्यांच्या फाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं की आई मराठीच बोलते, इंग्रजीत उत्तर आलं नाही तर वाट न बघता माणूस पाठवा. अजून वर उत्तरेला, जिथे विमानानेच जाता येतं तिथे तर कॉल सेंटरकडे तिथल्या नर्सिंग स्टेशनचा (नर्स चालवतात त्या छोट्या दवाखान्याचा) नंबर आहे का हे आधी विचारा, 911 या इमर्जन्सी नंबरवर सगळं सोडू नका. कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 911 आलंच मुळी 2019 मध्ये.

खर्चाचं थोडक्यात, सुपर व्हिसाला (आईवडिलांना इकडे जास्त दिवस राहायला मिळतो तो व्हिसा) लागणारा 1 लाख डॉलरचा इन्शुरन्स आजारपण-अपघातासाठी असतो, बटणाचं महिन्याचं भाडं त्यातून निघेल असं धरून चालू नका.

राहिलं घालण्याचं. हिवाळ्यात स्वेटर, त्यावर जॅकेट, बटण सगळ्यात आत, हात पोचतच नाही, म्हणून मनगटावरचं घेतलं. तरी आई आंघोळीला जाताना ते काढून देवघराच्या खुंटीला अडकवते, वॉटरप्रूफ आहे हे दहादा सांगून झालं. शेवटी बाथरूमच्या भिंतीवर वेगळं बटण लावलं, जमिनीपासून हातभर उंचीवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो.