लर्निंग लायसन्स काढलंय? पक्क्या लायसन्सआधी आणि नंतरही या चुका टाळा

आपल्याकडे गाडी शिकायची कायदेशीर वाट खूप छोटी आहे. लर्निंग लायसन्स निघालं की कमीत कमी ३० दिवस थांबायचं, मग आरटीओत ट्रॅकवर टेस्ट द्यायची आणि पास झालात की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आणि वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस कायद्याच्या नजरेत सारखेच, रात्री बारा वाजता पाच मित्र भरून एक्सप्रेसवेला जा, कुणी अडवणार नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या मुलाला लॉगबुकमध्ये १२० तास भरावे लागतात, त्यातले २० तास रात्रीचे, लर्नर म्हणून किमान १० महिने काढायचे, मग एक वर्ष गाडीवर लाल पी (प्रोव्हिजनल, म्हणजे अजून पूर्ण नसलेल्या लायसन्सची पाटी), मग दोन वर्षं हिरवा पी, आणि तेव्हा कुठे पूर्ण लायसन्स. न्यूझीलंडमध्ये असली टप्प्याटप्प्याची पद्धत १९८७ पासून आहे. आपल्याकडे हे टप्पे कायद्यात नाहीत, म्हणून ते घरच्यांनीच घालायला हवेत असं माझं ठाम मत आहे, आणि खालच्या बहुतेक चुका ते टप्पे नसल्यामुळेच होतात.

शेजारी कुणीच नाही, किंवा आहे तोही लर्निंगवालाच

ही सगळ्यात कॉमन. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ स्पष्ट सांगतो की लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो असा बसलेला हवा की वेळ आली तर त्याला गाडी कंट्रोल करता किंवा थांबवता येईल. म्हणजे मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेले काका चालत नाहीत. टू व्हीलरवर तर शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणालाही डबल सीट घ्यायचं नाही, मैत्रिणीला क्लासला सोडणं वगैरे यातच आलं. 'एल' ची पाटीही पुढे मागे दोन्हीकडे लागते, पांढऱ्यावर लाल अक्षर, १८ सेंटीमीटर चौकोनात, अक्षर १० सेंटीमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यातला तो इवलासा स्टिकर मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नाही, मग तो हॉर्न मारत राहतो आणि शिकणाऱ्याची गाडी अजून बंद पडते.

दंडापेक्षाही इथे मोठा घोळ इन्शुरन्सचा आहे. पॉलिसी काढून ड्रायव्हरचा क्लॉज वाचा, लर्निंगवाला चालतो पण नियम ३ पाळलेला असेल तर, असं तिथे लिहिलेलं असतं. एकटा गेला आणि ठोकली तर क्लेम अडकायला तेवढं पुरतं.

"सोळाचा झालाय ना, मग स्कूटर चालवू दे"

नाही. १६ व्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आज घरोघरी ज्या स्कूटर आहेत त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. त्यासाठी १८ पूर्णच लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ए आलं, त्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. आणि पालकांची संमती होती असं कोर्ट आधीच गृहीत धरतं, मला माहीतच नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांवर. चावी टीव्हीजवळच्या खुंटीवर लटकत असेल तर ते सिद्ध करणं अवघड आहे, सरळ कपाटात ठेवा. बॅटरीच्या स्कूटरचं विचाराल तर, २५ किमीच्या आत वेग आणि २५० वॅटपेक्षा कमी पॉवर असलेल्यांना लायसन्स लागत नाही, पण 'ई-बाईक आहे, चालतं' म्हणून दुकानदार सांगतो त्यावर विसंबू नका, गाडीच्या कागदावर आकडे बघा.

३० दिवस नुसते मोजणं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे तिथे अर्धी गाडी सर चालवतात आणि आपल्याला वाटतं आपल्याला जमतंय. क्लास संपला की तेच माणूस घरच्या गाडीत घाबरतं. उपाय एकच, तास वाढवा आणि क्रमाने वाढवा. आधी रिकामं मैदान किंवा रविवार सकाळचा रस्ता, मग दिवसा गर्दी, मग पाऊस, मग रात्र, हायवे सगळ्यात शेवटी. एका वहीत तारीख, किती वेळ, रस्ता कसा होता आणि काय अडलं एवढं लिहा, वाचायला कंटाळवाणं वाटतं पण दोन आठवड्यांनी वही उघडली की कळतं की रात्रीचा रकाना पूर्ण कोरा आहे.

ज्या दोन ठिकाणी हमखास अडतं ती सांगते. एक म्हणजे चढावर गाडी मागे जाणं. फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नल लागला की लोक हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात, क्लच प्लेटचा वास येतो आणि पाय थरथरायला लागतो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळू सोडा, बोनेट किंचित वर उचललं गेलं आणि इंजिनचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही. दुसरं रात्री समोरच्याचा हायबीम. त्याच्या लाईटकडे नजर खेचली जाते आणि गाडीही तिकडेच सरकते, म्हणून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवा, स्पीड कमी करा आणि रागाने आपला हायबीम उलटा मारू नका, दोन आंधळे ड्रायव्हर झाले तर धोका दुप्पट.

शब्द पाठ, अर्थ गायब

लर्निंगच्या टेस्टला उत्तरं बरोबर येतात पण रस्त्यावर त्यांचा उपयोग होत नाही. स्टॉपिंग डिस्टन्स घ्या. यात दोन भाग असतात, धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते ते, आणि ब्रेक लागल्यावर थांबेपर्यंतचं. ताशी ५० ला कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, एका सेकंदात पाय गेला असं धरलं तर पहिले १४ मीटर आणि नंतर अंदाजे १४, म्हणजे २८. ताशी १०० ला पहिले २८ आणि नंतर साधारण ५५, म्हणजे ८० च्या वर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, आणि पावसात अजून वाढतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा, ते संपायच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात, पावसात तीन-चारपर्यंत मोजा.

हॅझार्ड लाईटची चूक तर अनुभवी लोकही करतात, चौकात सरळ जायचंय म्हणून चारही लाईट लावायचे. बाजूच्याला त्यातली एकच दिसते आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. धो धो पावसात चालत्या गाडीला लावली तरी तेच, नंतर लेन बदलताना इंडिकेटर कळतच नाही. ती लाईट बंद पडलेल्या किंवा अडचणीत थांबलेल्या गाडीसाठी आहे. पावसात लो बीम हेडलाईट लावा.

पिवळा सिग्नल म्हणजे स्पीड वाढवा असं नाही, स्टॉप लाइनच्या आधी थांबा असं आहे, फक्त इतके जवळ पोचलात की थांबणंच धोक्याचं असेल तर पुढे जा. रस्त्यातली अखंड रेषा ओलांडून ओव्हरटेक करायचं नाही, तुटक असेल तर समोर मोकळं बघून चालतं. सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. ब्लाइंड स्पॉट आरशात दिसत नाही म्हणूनच त्याला ते नाव आहे, तेव्हा लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून एकदा बघा, आणि ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

पक्कं लायसन्स आल्यावरची घाई

न्यू साउथ वेल्समध्ये लाल पी वाल्याला, वय २५ च्या आत असेल तर, रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये २१ वर्षांखालचा एकापेक्षा जास्त पॅसेंजर घेता येत नाही, फोन हँड्सफ्रीवरसुद्धा चालत नाही आणि दारू शून्य. हे नियम का आहेत ते गाडीत चार मित्र बसले की लगेच समजतं, एकजण गाणं बदलायला सांगतो, दुसरा म्हणतो त्याला कट मार ना, आणि चालवणाऱ्याला नाही म्हणायची लाज वाटते. आपल्याकडे दारूची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, पण नवशिक्याने शून्यच धरावी. घरी पहिल्या वर्षासाठी ठरवून टाका, रात्री अकरानंतर मित्र घेऊन गाडी नाही, फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये, घाटात जायचं तर शेजारी मोठं कुणीतरी. मुलगा चिडेल, चिडू दे, आणि हे चावी देताना नाही तर टेस्टच्या आधीच बोला, नंतर कुणी ऐकत नाही.

जाता जाता कागदांचं

लर्निंग सहा महिने चालतं, ते संपलं की नव्याने अर्ज करावा लागतो, त्यामुळे टेस्टचा स्लॉट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, फेल झालात तर परत द्यायला वेळ हवा. एजंटने 'गाडी न चालवता करून देतो' म्हटलं तर तिथून उठा. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, पण गॅलरीतला स्क्रीनशॉट किंवा झेरॉक्सचा फोटो दाखवून वाद घालू नका, ॲप उघडूनच दाखवा.