पाळी संपल्यावरचा काढा: सि-वू-थांग कसा करायचा

तैपेईत आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिकडे म्हाताऱ्या बाईला 'आमा' म्हणतात, म्हणजे आजी. दर महिन्याला एकदा जिन्यात एक वास भरायचा, ओल्या मातीचा आणि ओव्यासारखा उग्र. सुनेची पाळी संपली की आमा तिच्यासाठी सि-वू-थांग चढवायची. नावाचा अर्थ साधा आहे: चार वस्तूंचा काढा.

मी तो पहिल्यांदा केला तो चुकीच्या दिवशी. पाळीच्या दुसऱ्या दिवशी, पोट दुखत होतं म्हणून. संध्याकाळपर्यंत अंगावरून एरवीपेक्षा जास्त जायला लागलं. आमाने भांडं बाजूला ठेवायला लावलं आणि म्हणाली, "आधी संपू दे." म्हणून हीच गोष्ट आधी सांगते: हा काढा स्राव पूर्ण थांबल्यावर घ्यायचा. पाळी चालू असताना तो देणारे वैद्यही असतात, पण ते नाडी बघून औषधं कमीजास्त करून देतात. आपण घरी तसं करू नये.

दुसरी गोष्ट, तो कोणासाठी आहे. चिनी वैद्यकात ज्याला 'रक्त कमी पडणं' म्हणतात, त्यासाठी: पाळी थोडीच येते, रंग फिकट असतो, नंतर चक्कर येते, चेहरा ओढलेला, हातपाय गार. हे म्हणजे आपला ॲनिमिया नव्हे. माझं हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघालं तेव्हा ते वर आलं लोहाच्या गोळ्यांनी, काढ्याने नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

आता चार वस्तू, चारही वाळवलेल्या मुळ्या. एका दिवसासाठी साधारण असं प्रमाण धरतात: शू-ती-ह्वांग १२ ग्रॅम, तांग-क्वे ९, पाय-शाओ ९ आणि छ्वान-श्योंग ६. तैवानच्या दुकानात चिठ्ठीवर ग्रॅमऐवजी 'छ्येन' लिहिलेलं असतं; तिथला एक छ्येन ३.७५ ग्रॅमचा.

शू-ती-ह्वांग काळंभोर आणि चिकट असतं. मूळ पुन्हा पुन्हा वाफवून वाळवलेलं असतं, त्यामुळे गोड लागतं, पण पोटाला जड. तांग-क्वे चीनमधल्या कान्सू प्रांतातलं नावाजलेलं. जिन्यातला तो वास मुख्यतः त्याचाच. ते आणि छ्वान-श्योंग दोन्ही ओवा-धण्यांच्याच कुळातले, म्हणून तो वास आपल्याला ओळखीचा वाटतो. छ्वान-श्योंग सेच्वानचं, नावातला 'छ्वान' तिथलाच. त्याच्या चकत्या पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या दिसतात. पाय-शाओ म्हणजे पिओनी फुलझाडाचं सोललेलं मूळ. पाय-शाओच्या चकत्या फार पांढऱ्याशुभ्र असतील आणि नाकाशी धरल्यावर आंबूस वास झोंबला, तर घेऊ नका. गंधकाची धुरी दिलेली असते. मलईसारखा, किंचित गुलाबी रंग चांगला.

या चौघांची जुळणी मला फार आवडते. पहिली तीन रक्त भरून काढणारी आणि चौथं, छ्वान-श्योंग, ते हलतं ठेवणारं. म्हणूनच त्याचं प्रमाण सगळ्यात कमी. नवव्या शतकात, तांग राजवटीत, हा काढा पडून-आपटून झालेल्या दुखापतींसाठी लिहिलेला सापडतो. पुढे सोंग राजवटीच्या काळातल्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहात तो बायकांच्या तक्रारींसाठी आला आणि तिथेच रुळला.

करताना मातीचं भांडं घ्या, नाहीतर काचेचं किंवा स्टीलचं. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. मुळ्या एकदाच भरभर विसळा आणि त्यांच्या वर दोन बोटं येईल इतक्या गार पाण्यात अर्धा तास भिजवा. त्याच पाण्यात शिजवायचं, ते ओतून द्यायचं नाही. मोठ्या आचेवर उकळी आली की आच बारीक करून झाकण ठेवा, ४० मिनिटं. गाळा. त्याच मुळ्यांवर थोडं कमी पाणी घालून पुन्हा २५ मिनिटं. दोन्ही पाणी एकत्र करायचं आणि त्याचे दोन भाग, एक सकाळी, एक संध्याकाळी, कोमट. जुन्या पद्धतीत तो उपाशीपोटी, जेवणाआधी सांगितलाय. मला त्याने पोट फुगायचं, म्हणून मी जेवणानंतर तासाभराने घेते. शौचाला पातळ होऊ लागलं तर बंद करा.

आमा कधी कधी त्यातच कोंबडीचा तुकडा, लाल खजूर (म्हणजे वाळवलेली चिनी बोरं, आपला खजूर नव्हे) आणि गोजी बेरी घालून सूप करायची. चवीला ते निश्चितच सोपं जातं. काढा घ्यायचा तो पाळीनंतर तीन ते सात दिवस, एवढंच. महिनाभर रोज नाही.

आणि ज्यांनी हा अजिबात स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्यांच्यासाठी कळकळीने लिहिते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नाही. तांग-क्वेमुळे रक्तस्राव वाढू शकतो. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर नाही. पाळीत आधीच खूप जात असेल, गाठी पडत असतील, गर्भाशयात फायब्रॉइड असेल किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टर. तासाला एक पॅड भिजत असेल, स्राव आठवड्याहून जास्त चालला असेल, किंवा पाळी अचानक बंद झाली असेल, तर काढा करत बसू नका, तपासून घ्या.

जमलं तर चिनी वैद्याकडूनच लिहून घ्या. तैवानमध्ये सरकारी आरोग्य विम्यात चिनी वैद्यही येतो, फक्त विम्यावर मिळते ती पुडीतली तयार भुकटी. मुळ्या आणून उकळायच्या तर पदरचे पैसे. मला ज्या बाईंनी तपासलं त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि तीन पाळ्यांच्या तारखा, रंग, दुखणं कोणत्या दिवशी, हे लिहून आणायला सांगितलं. तीन महिन्यांनी ती वही घेऊन परत गेले, तेव्हा त्यांनी छ्वान-श्योंग आणखी कमी केलं.