जबड्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया आणि मेडिक्लेम : कागदपत्रांतील या चुका टाळा

कानापुढचा जबड्याचा सांधा जखडला आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा व चेहऱ्याच्या) सर्जनने तो शस्त्रक्रियेने मोकळा केला, तरी ‘दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत’ एवढ्या एका ओळीवर दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि त्या ओळीला वाव अनेकदा रुग्णालयाच्याच कागदांतून मिळतो.

सर्वांत महागात पडणारी चूक डिस्चार्ज कार्डावर होते. निदानाच्या जागी ‘जबडा दुखणे’ आणि उपचाराच्या जागी ‘डेंटल सर्जरी’ असे लिहिलेले असेल, तर दावा तपासणाऱ्याला दुसरे काही समजण्याचे कारणच उरत नाही. तेथे ‘उजव्या टेम्पोरोमँडिब्युलर सांध्याचे अँकिलोसिस, गॅप आर्थ्रोप्लास्टी’ (म्हणजे सांधा जखडणे, आणि जखडलेले हाड कापून तेथे फट ठेवणे) असे बाजूसह पूर्ण लिहावे. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत या सांध्याच्या विकारांचा कोड के०७.६ आहे, ताज्या निखळण्याचा एस०३.० आणि खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरचा एस०२.६. के०७ हा गट दात व जबड्याच्या विकृतींचा असल्याने नुसत्या कोडवरून आजार दातांचा वाटू शकतो, म्हणून शब्दांतले निदान अधिकच नेमके हवे.

‘तोंड उघडत नाही’ ही नोंदही अपुरी आहे. वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये, तारखेसह, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर लिहावे. प्रौढांमध्ये ते साधारण ३५ ते ५० मि.मी. असते; तेथे ६ मि.मी.ची नोंद असली, की रुग्णाला जेवता येत नव्हते हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. सीटी स्कॅनच्या फिल्मसोबत लेखी रिपोर्ट जोडावा. तोंड न उघडल्यामुळे नाकावाटे फायबरऑप्टिक स्कोपने (बारीक दुर्बिणीने) श्वासाची नळी घालावी लागली असेल, तर भूलतज्ज्ञांची ती नोंद आवर्जून द्यावी, कारण हे काम दवाखान्यातल्या खुर्चीवर होण्यासारखे नव्हते याचा त्याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

लहानपणी हनुवटीवर पडल्याने सांधा जखडल्याचे प्रसंग आपल्याकडे नवे नाहीत. अशा वेळी दुखापतीचा काळ आणि पहिल्या निदानाची तारीख वेगवेगळी लिहावी. ‘जुना त्रास’ अशा मोघम शब्दांमुळे आजार पॉलिसीआधीचा असल्याचा आक्षेप येतो. मात्र खरा इतिहास कधीही लपवू नये, कारण त्याने पुढचे दावेही धोक्यात येतात.

बिलात एकच ठोक रक्कम नको. शल्यचिकित्सक, भूल, शस्त्रक्रियागृह, खोली आणि औषधे यांचे शुल्क स्वतंत्र दाखवावे, आणि प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असल्यास त्याचे इनव्हॉइस व बॅच क्रमांकाचे स्टिकर जोडावे. त्याच वेळी अक्कलदाढ काढली असेल, तर ती काढण्याचे शुल्क वेगळे दाखवावे. एका दाढेपायी अख्खे बिल अडकते. आर्थ्रोसेंटेसिस (सुईने सांधा आतून धुणे) काही तासांत उरकते, त्यामुळे पॉलिसीच्या डे-केअर (२४ तास भरती न लागणाऱ्या उपचारांच्या) यादीत ते बसते का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

दावा नाकारला गेलाच, तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागावे आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत.