धार्मिक संस्थेतर्फे महिलांसाठी शेती-रोजगाराचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

देऊळ असो, चर्च, मशीद, गुरुद्वारा नाहीतर विहार, तिथे नेमाने येणाऱ्या बायकांचा एकमेकींवर आधीपासून विश्वास असतो. बाहेरच्या संस्थेला तो मिळवायला वर्षं जातात, तुम्हाला आयता मिळतो. आणि घोळ नेमका तिथूनच सुरू होतो, कारण "आपलीच तर माणसं आहेत" म्हणत हिशोब लिहायचा राहतो, कागद करायचा राहतो, माल कोण घेणार हे विचारायचंही राहून जातं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बचतीचे पैसे धर्मगुरूंकडे किंवा अध्यक्षांच्या घरी ठेवणं. माणूस भलाच असतो हो, पण उद्या तो आजारी पडला, त्याची बदली झाली तर कुणाचे किती हे सांगणार कोण? केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने 1991 साली आफ्रिकेतल्या नायजरमध्ये बायकांचे बचत गट सुरू केले, त्यातून पुढे जी पद्धत जगभर पसरली तिच्यात पेटीला तीन कुलुपं असतात, चाव्या तिघींकडे, पेटी चौथीकडे, आणि ती उघडायची फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगायची, सगळ्यांनी ती लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी तोच आकडा सगळ्यांनी सांगायचा. जिला वाचता येत नाही तिलाही यात फसवता येत नाही, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

दुसरी चूक, आधी शिलाई मशीन वाटायची आणि गिऱ्हाईक नंतर शोधायचं. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एडना रूथ बायलर यांनी 1946 मध्ये पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम बघितलं, ते घरी नेऊन ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली, आणि पुढे त्यातून एक मोठी विक्री संस्था उभी राहिली. म्हणजे बायकांच्या हातात कला होतीच, कमी होती ती विकणाऱ्याची. मशीन घ्यायच्या आधी दहा-बारा नग विकून बघा, पूर्ण दाम मोजून लोक घेतात का ते कळेल (सणासुदीला दानधर्म म्हणून घेतलेला माल यात धरू नका, ते गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नाही).

कोंबड्यांचंही तसंच, पिल्लं वाटतात, फोटो काढतात आणि मग मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की खुराडी रिकामी. लस आधी, वाटप नंतर, आणि पुढचे डोस कोण देणार, लस थंड कुठे ठेवणार हे आधीच नावासकट ठरवा. दान म्हणून देण्यापेक्षा गरजू घरांना जनावरं देणाऱ्या हेफर संस्थेची रीत बघा. चर्च ऑफ द ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाचे डॅन वेस्ट यांच्या कल्पनेतून 1944 मध्ये पहिल्या कालवडी रवाना झाल्या, अट एकच, होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची.

जमिनीबद्दल जरा कडक बोलते. संस्थेची पडीक जागा "घ्या, पिकवा" म्हणून देतात, बायका खत घालून, दगड वेचून ती माती जिवंत करतात आणि दोन हंगामांनी तिथे सभागृह बांधायचं ठरतं. असं करू नका! निदान तीन ते पाच वर्षांचा लेखी करार हवा, तोही महिला गटाच्या नावाने. बायकांना जमीन, बियाणं, कर्ज पुरुषांइतकं मिळालं तर त्यांच्या शेतातलं उत्पादन 20 ते 30 टक्के वाढू शकतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या (एफएओ) 2011 च्या अहवालात म्हटलंय.

कंपोस्टला वास मारतोय? पाणी जास्त झालंय, हवा कमी पडतेय, सुका पाला घाला आणि ढीग उलथापालथा करा. तापतच नाही? मग ढीग एक घनमीटरपेक्षा लहान असेल, कोरडा असेल नाहीतर हिरवा माल (ओला पाला, गवत) कमी पडला असेल.

धान्य साठवताना "वाळलंय गं" यावर जाऊ नका. कोरड्या बाटलीत थोडं धान्य आणि कोरडं मीठ घालून खूप हलवा, मग थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा, नाहीतर बुरशी येणार.

आणि प्रार्थनेला येणाऱ्यांनाच बियाणं, ही अट कधीच घालू नका. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेतही मदत धर्म बघून द्यायची नाही असंच आहे. ती संकटकाळातल्या मदतीसाठी असली तरी इथेही ती पाळावी असं मला ठामपणे वाटतं.

प्रकल्प आधीच अडकला असेल, कुजबुज सुरू झाली असेल, तर नवीन निधी घेऊ नका. सगळ्यांना बोलवा, वही पहिल्या पानापासून मोठ्याने वाचा, रोकड सगळ्यांसमोर मोजा, जो फरक निघेल तो त्याच वहीत तारखेसकट लिहा आणि चाव्या नव्या तिघींकडे द्या.