तीन धर्मांचा उगम वाचायचाय? मग सुरुवात इ.स. ७० पासून करा

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांचा इतिहास वाचायला बसणारे बहुतेक जण अब्राहामपासून सुरुवात करतात आणि मोशेपाशी पोचेपर्यंत दमतात. मी शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा हेच पाहिलं, आता मोठ्यांच्या वाचनगटातही हेच पाहते. अब्राहामाच्या काळाचा त्याच्याविषयीचा एकही लेख हाती नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ‘हे खरं की खोटं’ यावर वाद सुरू होतो आणि वाचन राहतं बाजूला. म्हणून मी उलटं सांगते. मधून शिरा.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम जिंकलं आणि तिथलं मंदिर जळून गेलं. तोवर यहुद्यांचा धर्म त्या मंदिराभोवती उभा होता: पुरोहित, पशुबळी, सणांच्या यात्रा. बळी द्यायची जागाच गेल्यावर करायचं काय? योहानान बेन झक्काई आणि त्यांच्या परंपरेतल्या पंडितांनी याव्ने या गावी अभ्यास, प्रार्थना आणि नियमशास्त्राची चर्चा यांवर भर दिला. त्या परंपरेतून सुमारे इ.स. २०० मध्ये मिश्ना हा ग्रंथ सिद्ध झाला. येशूला मसीहा मानणाऱ्यांचं उत्तर वेगळं होतं. क्रुसावर अखेरचा बळी दिला गेला, आता मंदिराची गरज उरली नाही, असं ते म्हणू लागले. म्हणजे आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो तो आणि ख्रिस्ती धर्म, दोघांचीही घडण याच पडझडीनंतर पक्की होत गेली. आई आणि मुलगी म्हणण्यापेक्षा त्यांना बहिणी म्हणणं मला जास्त पटतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं वाचन निम्मं सोपं होतं.

आता एक लांबलचक कागद घ्या आणि त्यावर आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर घटना कधी घडली ते लिहायचं. खाली त्या घटनेबद्दलचा आपल्या हाती असलेला सगळ्यात जुना मजकूर किंवा शिलालेख कधीचा, ते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही खालची ओळ टाळू नका.

येशूपासून भरायला घ्या. क्रुसावर मृत्यू सुमारे इ.स. ३०, रोमन अधिकारी पिलाताच्या कारकिर्दीत. खालच्या ओळीत येशूच्या शिकवणीचा सुरुवातीचा प्रचारक पौल याची पत्रं येतात. त्यांतलं थेस्सलनीकाकरांस पाठवलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५० चं. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, सुमारे इ.स. ७० चं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, शुभवर्तमानं आधी छापलेली असतात, पण लिहिली गेली ती पौलाच्या पत्रांनंतर, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तुम्ही पत्रं आधी वाचा. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला, तोही नोंदवा. पुढे ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३२५ मध्ये नायसियाची धर्मसभा भरली, ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. उगमाच्या वाचनात या तीन तारखा एका ओळीत उरकल्या तरी बिघडत नाही.

मग मागे वळा. इथे गटातलं कुणीतरी हमखास विचारतं, “बाई, मोशे होता की नव्हता?” मी कागदाकडे बोट दाखवते. मोशेने इस्राएली गुलामांना इजिप्तमधून सोडवून नेलं अशी बायबलची कथा, पण लाखो गुलाम निघून गेल्याची नोंद इजिप्तच्या लेखांत नाही. मात्र फारो मर्नेप्ताहच्या सुमारे इ.स.पू. १२०८ च्या शिलालेखात कनानमधल्या (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भागातल्या) ‘इस्राएल’ नावाच्या लोकांचा उल्लेख आहे. खालच्या ओळीत एवढंच लिहायचं. पुरावा मिळाला नाही म्हणून माणूस नव्हताच असं ठरत नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून पुरावा तयारही होत नाही.

मागच्या प्रवासात थांबायचं ठिकाण म्हणजे इ.स.पू. ५८६. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने जेरुसलेममधलं पहिलं मंदिर पाडलं आणि यहुदातल्या अनेकांना धरून नेलं. इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या सायरसने बाबिलोन घेतलं आणि परतीची वाट मोकळी झाली. जुन्या कराराच्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाच्या, बऱ्याच भागाला आजचं रूप या हद्दपारीच्या काळात आणि त्यानंतर आलं, असं अभ्यासक मानतात.

माझं लाडकं प्रकरण मात्र एलिफंटाइनचं. नाईल नदीतलं, अस्वानजवळचं हे बेट. पर्शियन राजवटीत तिथे यहुदी शिपायांची वस्ती होती, आणि त्यांनी तिथेच देवाचं स्वतःचं मंदिर बांधलं होतं! इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नुम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने ते पाडलं गेलं. तीन वर्षांनी वस्तीतल्या यहुद्यांनी यहुदाच्या सुभेदाराला पत्र लिहिलं, मंदिर पुन्हा बांधायला मदत करा म्हणून. देणग्यांच्या एका यादीत याहूच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या, बरोबरीने अनत-बेथेल या दुसऱ्या देवतेचं नावही आहे. एकच देव आणि जेरुसलेमचं एकच मंदिर, ही शिस्त सगळीकडे एका दिवसात बसली नाही, हे त्या जुन्या कागदांवरून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून होत नाही.

आता पुढे, अरबस्तानात. इथली नेहमीची चूक म्हणजे ओसाड वाळवंटातून गोष्ट सुरू करणं. दक्षिणेतल्या हिम्यर राज्याच्या (आजचा येमेन) राजांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस यहुदी वळणाचा एकेश्वरवाद स्वीकारला होता. सुमारे ५२३ मध्ये तिथल्या यहुदी राजाने नजरानच्या ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, आणि इथिओपियाचा ख्रिस्ती राजा चालून आला. उत्तरेला ६०२ ते ६२८ रोम आणि पर्शिया झुंजत होते. कुराणातला ३०वा सूरा (अध्याय) रोमनांच्या पराभवाच्या उल्लेखाने सुरू होतो, तो याच युद्धाचा. ही पार्श्वभूमी आधी मांडा आणि मग मुहम्मद पैगंबरांकडे या: सुमारे ६१० मध्ये पहिला साक्षात्कार, ६२२ मध्ये मदिनेला हिजरत (स्थलांतर), तिथल्या करारात यहुदी टोळ्यांनाही स्थान, ६३० मध्ये मक्का ताब्यात, ६३२ मध्ये निधन. प्रार्थनेची दिशा आधी जेरुसलेमकडे होती, ती मदिनेच्या काळात मक्केकडे वळली. वेगळेपण कसं आकाराला आलं ते बघायला हा एक प्रसंग पुरतो.

इथली खालची ओळ जपून भरा. इब्न इसहाकने लिहिलेलं पैगंबरांचं चरित्र आठव्या शतकातलं, आणि आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः इब्न हिशामने नंतर संपादित केलेल्या रूपात. कुराणाचं लिखित रूप मात्र खूप जुनं आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या पानांच्या चामड्याची कार्बन तपासणी ५६८ ते ६४५ असा काळ दाखवते. चरित्र आणि कुराण यांना एकाच तागडीत तोलू नका.

गटात श्रद्धाळू माणसं असतील, असावीतही. देवाने अब्राहामाकडे कोणत्या मुलाचा बळी मागितला यावर आमच्याकडे आवाज चढले होते. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या, पुस्तकात इसहाकचं नाव आहे. कुराणात मुलाचं नाव दिलेलं नाही, पण मुस्लिम परंपरा बहुतांशी इस्माईल मानते. अशा वेळी दोन्ही उतारे मोठ्याने वाचून घ्यायचे, निवाडा द्यायचा नाही.

कागद भरला की मूळ ग्रंथांकडे जा, आणि पहिल्यांदा योसेफाची कथा घ्या: उत्पत्तीची ३७ ते ५० ही प्रकरणं आणि कुराणातला १२वा सूरा, एकाच आठवड्यात. उत्पत्तीत धाकट्या भावासाठी यहूदाने केलेली विनवणी लांब आणि जीव पिळवटणारी आहे. सूऱ्यात यूसुफ तुरुंगातल्या दोन सोबत्यांना एका ईश्वराबद्दल सांगतो, तो भाग उत्पत्तीत नाही. कुठे काय वाढलं, काय गळलं त्याच्या खुणा पेन्सिलीने समासात करा आणि त्या गटात एकमेकांशी ताडून बघा.