राजकारणाने डोकं तापतं तेव्हा: शरीरात काय बघायचं आणि मग काय करायचं

बातमी वाचून डोकं तापलं की आधी फोन खाली ठेवा आणि डाव्या हाताचं मनगट उताणं करा. अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या जरा आतल्या बाजूला, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, अंगठ्याला त्याची स्वतःचीच नाडी लागते आणि मोजणीत घोळ होतो. तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, आकडा वहीत लिहा. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते, नियमित व्यायाम करणाऱ्यांची त्याहूनही कमी. पण तुमच्या कामाचा आकडा तुमचा स्वतःचा. सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, चार-पाच दिवस नाडी मोजून ठेवा. तो आकडा हाताशी नसेल तर रागाच्या वेळी मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

मी नर्सिंगच्या मुलींना फिजिओलॉजी शिकवते. राजकारणावर मला राग येतो आणि तो योग्य जागी येतो असं माझं ठाम मत आहे. शिकून तयार झालेल्या मुली नोकरीची वाट बघत घरी बसल्यात आणि सरकारी रुग्णालयात रात्रपाळीची एकटी नर्स दोन वॉर्ड सांभाळतेय, हे वर्षानुवर्षं बघून राग आला नाही तरच काळजी करावी. त्यामुळे पुढे लिहिलंय ते राग घालवण्यासाठी नाही. राग शरीरात कसा चढतो आणि कसा उतरतो हे ज्याला बघता येतं, त्याचा राग कामाला येतो. बाकीच्यांचा रात्री अकरा वाजता कुणाला तरी उत्तर टाइप करण्यात संपतो.

आता त्या नाडीकडे नीट बघू. हृदयाला लय देणारा पेशींचा एक छोटा पुंजका हृदयातच असतो, साइनस नोड. मेंदूकडून येणाऱ्या नसांचा त्यावर काहीच परिणाम नसता तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देत राहिला असता. आपली नाडी सत्तर-पंचाहत्तरवर असते, कारण वेगस नावाची नस हृदयाला सतत लगाम घालून असते. मेंदूच्या तळापासून निघून ही नस गळ्यातून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाते. संतापजनक मथळा दिसला की सर्वात आधी हा लगाम ढिला होतो. एक-दोन ठोक्यांतच फरक पडतो, इतका तो झटपट आहे. शरीराला लढायला-पळायला सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक नसा काही सेकंदांनी जोर धरतात, आणि मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक सोडतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. रक्तातलं अॅड्रिनॅलिन फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. मग अर्ध्या तासाने नाडी मोजली आणि ती अजून चढलेलीच असेल, तर तो त्या बातमीचा परिणाम म्हणता येत नाही. मधल्या वेळात तुम्ही ती बातमी मनात पुन्हापुन्हा वाचलीत, भाषण रचलंत, समोरच्याला खोडून काढलंत, आणि प्रत्येक वेळी ग्रंथींना नवा हुकूम गेला. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश चढतं. प्रसंग सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी ते शिखर गाठतं आणि उतरायला त्याहून बराच वेळ घेतं. म्हणून वहीत तीन नोंदी करा: लगेचची, पाच मिनिटांनंतरची आणि अर्ध्या तासानंतरची. प्रत्येक आकड्यापुढे त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. ही एक ओळ आकड्याइतकीच महत्त्वाची. माझ्या वहीत तिसरा आकडा चढा असला की पुढे बहुतेक वेळा 'मनात भांडत होते' असंच लिहिलेलं सापडतं.

मनातल्या भांडणाचा परिणाम नाडीपुरता थांबत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २८० निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना आठ मिनिटं राग आणणारी जुनी आठवण काढायला सांगितलं. त्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंद होण्याची क्षमता पुढे चाळीस मिनिटांपर्यंत घटलेली दिसली. काळजी किंवा दुःख जागवलेल्यांत तसा परिणाम आढळला नाही. समोर कुणी नव्हतं, नवीन काही घडलं नव्हतं, नुसती आठवण होती. माझा भाचा तासन्‌तास वादाचे व्हिडिओ बघतो. त्याला मी हाच प्रयोग सांगितला, आणि रागावू नकोस असं एकदाही म्हटलं नाही.

वेगसचा लगाम स्वतःच्या बोटांखाली अनुभवता येतो, तो अनुभव घ्याच. शांत बसून नाडीवर बोटं ठेवा, पाच सेकंद सावकाश श्वास आत घ्या, पाच सेकंद सावकाश सोडा. आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये हे स्पष्ट कळतं, वय वाढतं तसं अस्पष्ट होत जातं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये याची नोंद केली. श्वास घेताना वेगस सैल पडते आणि सोडताना पकड घेते, म्हणून हे घडतं. वर्गात मुलींना पहिल्यांदा हे जाणवतं तेव्हा त्या एकमेकींची मनगटं धरून बसतात, तास संपला तरी उठत नाहीत.

यातून पुढची कृती आपोआप निघते: उच्छ्वास लांबवा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. श्वास खोल ओढू नका, फक्त सावकाश घ्या. जोरजोराने ओढलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. तसं झालं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घेत बसा.

वेगस हृदयाला नेमकी कशाने आवरते, हे ऑस्ट्रियात काम करणारे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची वेगस विजेने उद्दीपित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. म्हणजे नस हृदयापाशी एक रसायन सोडते. आज आपण त्याला अॅसिटिलकोलीन म्हणतो. १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला आणि लोवी ज्यू असल्यामुळे त्यांना मुलांसह तुरुंगात टाकलं. आपण मारले जाऊ असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पहारेकऱ्याकडे एक पोस्टकार्ड मागितलं आणि आपल्या ताज्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यावर लिहून विज्ञानाच्या नियतकालिकाला पाठवला. देश सोडण्यापूर्वी नोबेलची रक्कमही त्यांच्याकडून काढून घेतली गेली. राजकारण असं अंगावर आलेलं असतानाही त्या माणसाला नस कशी काम करते हे जगाला कळवायचं होतं. हा भाग शिकवताना मी घाई करत नाही.

नाडी झाली, आता बाकीचं अंग तपासा. जबडा: या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? स्वस्थ असताना त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरचं अंतर असायला हवं. टेकले असतील तर जीभ टाळूला लावा, ओठ मिटलेले राहू द्या आणि खालचा जबडा सोडून द्या. कानापुढच्या स्नायूवर बोटं ठेवून दात आवळलेत-सोडलेत तर तो फुगताना कळतो. कित्येकांची संध्याकाळची डोकेदुखी तिथून सुरू होते. खांदे कानाकडे चढलेत का तेही बघा.

पोटाबद्दल थोडक्यात. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांकडे टॉम म्हणून ओळखला जाणारा एक रुग्ण होता. लहानपणी अन्ननलिका भाजून बंद झाल्याने त्याच्या पोटाला बाहेरून छिद्र ठेवलेलं होतं आणि जठराचं अस्तर थेट दिसायचं. तो संतापला की अस्तर लालबुंद व्हायचं, आम्ल वाढायचं. घाबरला की ते फिकट पडायचं. जेवताना बातम्या लावू नका, याला एवढं कारण पुरे.

पायांकडे मात्र जास्त लक्ष द्या. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये एका सहकाऱ्यासोबत बांधून ठेवलेल्या मांजरांसमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि त्यांच्या रक्तात अॅड्रिनल ग्रंथींचा स्राव वाढल्याचं दाखवलं. पुढे त्यांनी मांडलं की ही सगळी तयारी लढायची किंवा पळायची असते: यकृत साखर सोडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. मांजर बांधलेलं होतं, त्याला ना लढता येत होतं ना पळता. पडद्यावर बातम्या बघणाऱ्या माणसाचं शरीर नेमक्या त्याच अवस्थेत असतं. स्नायूंसाठी काढलेली ती साखर स्नायूंनाच वापरू द्या. उठा आणि वीस मिनिटं झपझप चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग ठेवा. फोन घरी ठेवा. परत आल्यावर दहा मिनिटं बसून मगच नाडी मोजा, नाहीतर चालण्याचा आकडा रागाच्या नावावर पडेल.

छातीत दुखणं किंवा दाब वाटणं, दुखणं हातात-जबड्यात उतरणं, बसल्या जागी दम लागणं, भोवळ, किंवा श्वासाशी संबंध नसलेली वेडीवाकडी पडणारी नाडी, यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून ताबडतोब दवाखान्यात जा.

माझा एक नियम आहे. नाडी माझ्या सकाळच्या आकड्यापेक्षा वीसने जास्त असेल तोवर कुणालाही काही पाठवायचं नाही. काय लिहायचंय ते वहीत लिहायचं, त्यातला प्रत्येक कडक शब्द ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्यातला मुद्दा वेचून काढायचा.

हा मुद्दा वेचणं सोपं नाही, कारण तोवर अनेकांना वाटायला लागतं की आपल्याने काय होणार. हे वाटणंही शरीराचंच काम आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की विजेचा झटका काही केल्या थांबवता न आलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहतात. ती हतबलता शिकतात, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर, २०१६ मध्ये, याच दोघांनी तो अर्थ उलटा केला. दीर्घ त्रासात निपचित पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ते ओळखतो आणि त्या निपचितपणाला आवरतो. म्हणजे मेंदूला फरक पडल्याचा पुरावा हवा असतो. संपूर्ण देशाच्या राजकारणावर संतापून तो मिळत नाही. जिथे उत्तर आलं की नाही हे तुम्हाला स्वतः बघता येईल, असा एक विषय निवडा.

रुडॉल्फ फिरको यांनी हेच केलं. १८४८ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने या २६ वर्षांच्या डॉक्टरला टायफस या तापाची साथ बघायला वरच्या सायलेशिया या भागात पाठवलं. त्यांनी अहवालात साथीचं मूळ गरिबी आणि कारभारात शोधलं आणि उपाय म्हणून शिक्षण, लोकशाही आणि स्वातंत्र्य सुचवलं. पुढच्या वर्षी त्यांना बर्लिनमधलं पद गमवावं लागलं आणि ते शहर सोडून गेले. प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते हा विचार रोगशास्त्रात रुजवणारे तेच. ते बर्लिनला परतले, १८५९ पासून शहराच्या परिषदेत बसले आणि शहराला सांडपाण्याची व्यवस्था मिळावी म्हणून वर्षानुवर्षं झटले. गटार झालं की नाही हे कुणालाही जाऊन बघता येतं, म्हणून मला त्यांची ही निवड फार आवडते.

तर पत्र लिहा. एका पत्रात एकच विषय ठेवा. ज्या कार्यालयाच्या हातात निर्णय आहे त्याच कार्यालयाला पाठवा आणि प्रत तुमच्या लोकप्रतिनिधीला द्या. प्रश्न असा विचारा की उत्तर आकड्यात किंवा तारखेतच द्यावं लागेल. 'परिस्थिती कधी सुधारणार' याला कोणीही गोड उत्तर देऊ शकतो. आमच्या पत्रात तीन ओळी होत्या: नर्सच्या मंजूर जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, उरलेल्या कोणत्या तारखेपर्यंत भरणार. पत्र दिल्याची पोच घ्या, तारीख वहीत लिहा, आणि दोन-तीन माणसं सोबत घ्या, म्हणजे एकजण थकला तरी पाठपुरावा थांबत नाही. अर्धवट उत्तर आलं तर त्याची प्रत जोडून फक्त राहिलेला प्रश्न पुन्हा विचारा.

आम्हाला पहिल्या दोन प्रश्नांचे आकडे मिळाले. तारीख मिळाली नाही. दुसरं पत्र शेवटच्या वर्षाच्या मुलींनी स्वतः लिहिलंय आणि सध्या त्यावर सह्या घेणं चालू आहे.